रविवारचं पाणी

१५ सप्टेंबर, रविवार

ही वही मी लेकीच्या, ऊर्मीच्या, शाळेच्या सामानातून ढापली आहे. कव्हरवर एक मांजर चष्मा लावून बसलंय. झांबियात तीन वर्षं मी डायरी लिहिली, पण ती दर महिन्याला मिशन कमिटीला पाठवायची असे. त्या डायरीत रोज कोणाचं तरी अंतःकरण पालटायचं आणि मी सदा आनंदी असायचे. ही वही कोणालाच पाठवायची नाही. म्हणून मराठीत. डोरीनला मराठी येत नाही, ऊर्मीला बोलता येतं पण वाचता येत नाही, आणि प्रताप बायकोची वही उघडणाऱ्यातला नवरा नाही.

डोरीन म्हणजे इथल्या केंब्रिजमधल्या (विद्यापीठवालं नव्हे, मोटारींच्या कारखान्याचं) आमच्या चर्चच्या मंडळीच्या मिशन कमिटीची अध्यक्ष. तिच्याच घराच्या बेसमेंटमध्ये जुलैपासून आम्ही तिघं राहतोय. रजा सहा महिन्यांची आहे, नव्या वर्षात परत जायचं.

आज उपासनेनंतर तिने माझे दोन्ही हात धरले. "जयंती, ऑक्टोबर ट्वेंटी-सेवंथ इज युवर डे!" त्या दिवशी मिशन रविवार. प्रतापने फोटो दाखवायचे, मी साक्ष द्यायची, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आणि मग कमिटी आमच्या शेतातल्यासारखंच मक्याचं बी झांबियातल्या आणखी बारा गावांना पाठवणार. तिथे पाऊस नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होतो, त्याआधी बी पोचायला हवं.

"बारा गावं!" डोरीन म्हणाली. "बिकॉज ऑफ युवर लिटल फील्ड."

मी हसले. मंडळीत मला चांगलं हसता येतं. 

१८ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी फोटो निवडायला बसलो. प्रतापला प्रत्येक गोष्ट नीट लागते. त्याने लॅपटॉपवर तीन फोल्डर केले: हवेत, नकोत, बघू.

सगळ्यांना आवडणारा फोटो अर्थातच कुंपणाचा. डावीकडे आमचं शेत, हिरवंगार, मका माझ्या खांद्याला लागलेला. उजवीकडे, तारेपलीकडे, शेजारच्या एस्नार्टचं शेत. तिथे मका गुडघ्याएवढा आणि रंग कागदी पिशवीचा. हा फोटो मागच्या फेब्रुवारीतला, दुष्काळातला. डोरीनला तो पहिल्यांदा पाठवला तेव्हा तिने खाली लिहिलं होतं, 'आज्ञापालन आणि त्याचं फळ.' तीच ओळ आता मिशन रविवारच्या पोस्टरवर जाणार आहे.

"पण एस्नार्टनेही सगळं तुमचंच ऐकलं होतं ना?" ऊर्मी मागून म्हणाली. "शी डिड एव्हरीथिंग यू टोल्ड हर. दॅट कॅप्शन इज सो मीन, मॉम."

"तू गृहपाठ कर," मी म्हटलं.

प्रतापने एकच फोटो 'नकोत'मध्ये टाकला. चांगला होता, संध्याकाळचं ऊन होतं. मी विचारलं, हा का नको? म्हणाला, "मागे पाण्याची टाकी दिसते. फोटो बिघडतो."

टाकी म्हटल्यावर मी कप विसळायला उठले. नशीब, त्याचं लक्ष स्क्रीनकडे होतं.

२२ सप्टेंबर, रविवार

लिहून टाकते. लिहिलं नाही तर मी सत्तावीस ऑक्टोबरपर्यंत टिकणार नाही.

मी शेताला पाणी घालत होते.

आमची शिकवण अशी: नांगरायचं नाही. दोरी धरून सारख्या अंतरावर खड्डे करायचे, त्यांत मक्याचं बी टाकायचं, आणि सगळं शेत वाळक्या गवताने झाकायचं. गवत जमिनीतली ओल धरतं, पाऊस लांबला तरी पीक तगतं. शिकवण चुकीची नाही. पण तगण्यालाही मर्यादा असते, आणि ती आमच्या पुस्तिकेत लिहिलेली नव्हती. मकाच का, हेही मी कधी विचारलं नाही. पुस्तिकेत मक्याचं चित्र होतं.

शेत केलं त्याच्या पहिल्या वर्षी जानेवारीत पाऊस तीन आठवडे गायब झाला. पानांच्या सुरळ्या व्हायला लागल्या. प्रताप दिवसातून पाच वेळा कुंपणाशी जाऊन उभा राहायचा. राहुरीचा कृषी पदवीधर आहे तो. इथे केंब्रिजला येऊन अकरा वर्षं मोटारींच्या कारखान्यात गाड्यांना दारं बसवली. ते शेत म्हणजे त्याच्या आयुष्यातलं पहिलं स्वतःचं शेत. ते उगवलं तेव्हा त्याला शीळ वाजवताना मी लग्नानंतर प्रथमच ऐकलं. आणि आता तो जेवत नव्हता. फेब्रुवारीत डोरीन आणि कमिटी बघायला येणार होती.

मग एका रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. रविवारी शेतात कोणी फिरकत नाही, कारण रविवारी शेतात जायचं नाही हे आम्हीच शिकवलं होतं. सगळं गाव उपासनेला. मी टाकीला नळी लावली. गवत बाजूला करायचं, खड्ड्यात पाणी सोडायचं, गवत परत ओढायचं. वरून पाहिलं तर सगळं वाळकंच. देवळातून गाण्यांचा आवाज येत होता आणि मी त्यांच्याबरोबर गुणगुणतही होते. देवा, मला क्षमा कर, मी गुणगुणत होते.

मी मनाला बजावलं की मी देवाची अब्रू राखतेय. जणू काही तिला माझ्या नळीचाच आधार होता.

त्या वर्षी सगळ्यांचा मका बरा आला, मागाहून पाऊस झाला म्हणून. पण आमचा सर्वांत उंच. लोक कुंपणाला धरून बघत राहायचे. पुढच्या वर्षी एकवीस घरांनी आमची पद्धत घेतली. आणि त्याच वर्षी पाच आठवडे थेंब पडला नाही.

त्या वर्षीही मी पाणी घातलं. थांबायला हवं होतं. थांबले असते तर आमचंही वाळलं असतं आणि सगळ्यांना खरं काय ते दिसलं असतं. दर रविवारी ठरवायचे की आज नाही, आणि दर रविवारी डोकं दुखायचं.

प्रतापला यातलं काही ठाऊक नाही. साधा माणूस आहे. शनिवारी संध्याकाळी पंप चालवून टाकी काठोकाठ भरून ठेवायचा. रविवारी पंपसुद्धा लावू नये, विश्रांतीचा दिवस, असं त्याचं म्हणणं. सोमवारी टाकी निम्मी रिकामी दिसायची, पण एकदाही विचारलं नाही. उलट शहरातून येताना दुप्पट लांबीची नवी नळी घेऊन आला, ऊर्मीच्या झेंडूंना पाणी पोचत नाही म्हणून. आणि मला अर्धशिशी आहे म्हणून सगळ्या मंडळीला प्रार्थना करायला लावायचा. त्या दिवसांत त्याचे उपदेशही दीड-दीड तास लांबले होते. अशा माणसाला मी फसवलं.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज मिल्टनला गेलो होतो, मृणालिनीकडे. तिकडची आठ-दहा मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातून एकदा तिच्या घरी जमतात. दोन गीतं, एक शास्त्रपाठ, आणि मग खरा कार्यक्रम म्हणजे जेवण. मृणालिनी माझ्यासारखीच नगरकडची. तिने ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या, पिठलं, ठेचा.

"घे गं, फ्रोझन नाही, हातची आहे," ती म्हणाली. "इंडियन ग्रोसरीत पीठ मिळालं. तिकडे आफ्रिकेत तुला कुठली भाकरी!"

"मिळायची की," मी म्हटलं. "तिकडेही ज्वारी होते. मपिरा म्हणतात."

"मग तुम्ही तिथे मका कशाला शिकवता?"

काही वाकडं नव्हतं तिच्या मनात. भाकरी वाढता वाढता विचारलं, उत्तराची वाटही न बघता पुढच्या ताटाकडे गेली. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवून दिला.

एस्नार्ट आमची शेजारीण. चाळिशीची, माझ्याच वयाची, विधवा, मंडळीत गाणं पहिली उचलणारी. तिच्या चुलीवर, धुरात, मपिराची कणसं टांगलेली असायची. धुराने बियाण्याला कीड लागत नाही. ते बी तिच्या आईकडून आलेलं, आईला तिच्या आईकडून. दर वर्षी त्यातलंच पेरायचं आणि नव्या पिकातली सर्वांत चांगली कणसं परत धुरात टांगायची.

दुसऱ्या वर्षी तिने ठरवलं की सगळ्या शेतात मकाच. मीच म्हटलं होतं, एस्नार्ट, विश्वास अर्धा ठेवायचा नसतो. काय वाक्य! मला फार आवडलं होतं ते, कमिटीच्या डायरीतही लिहिलं होतं. तिने टांगलेली कणसं काढली आणि टोपलीत घालून माझ्याकडे आणली. "ऊर्मीच्या आई, तुला हे आवडतं ना? मला आता लागणार नाही."

मी ती दळली. भाकऱ्या केल्या. आम्ही तिघांनी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ल्या आणि प्रताप म्हणाला, थेट घरची चव आहे.

ज्वारीच्या मुलखातली मी. ज्वारी पावसाची वाट बघत किती दिवस उभी राहू शकते हे मला कोणी शिकवायला नको होतं. आणि मी कोणाचं तरी बियाणं खाल्लं, शेवटचं.

मृणालिनीने चार भाकऱ्या फॉइलमध्ये बांधून दिल्या आहेत. फ्रिजमध्ये आहेत.

२ ऑक्टोबर, बुधवार

एस्नार्टचा आवाजी निरोप आला. भाच्याच्या फोनवरून पाठवते. कोंबडी ओरडत होती मागे. म्हणाली, सरकारी पीठ मिळतंय, तुम्ही बरे आहात का, ऊर्मी उंच झाली का. धाकट्या लेकीला बहिणीच्या गावी ठेवलंय. बहिणीकडे अजून मपिरा पेरतात, थोडं का होईना पिकलं. "बहिणीकडे बी मागायला तोंड नाही मला. मीच तिला म्हटलं होतं, ते अज्ञानी लोकांचं खाणं आहे."

मग जरा थांबून म्हणाली, "मी प्रार्थना करते, ऊर्मीच्या आई. देवाने मला क्षमा केली का ते मला कळत नाही. तुला कळलं तर सांग."

मी निरोप चार वेळा ऐकला. उत्तर दिलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

हे लिहायचं टाळत होते.

दुष्काळातल्या फेब्रुवारीतला तो रविवार. मी पहिल्या गाण्यांच्या वेळात पाणी घालून उशिरा देवळात पोचले आणि एस्नार्टच्या शेजारी जागा होती तिथे बसले. कमरेला गुंडाळायचं कापड नेसले होते, त्याचा काठ ओला होता. तिने खाली पाहिलं. 

साक्षीची वेळ झाली आणि ती उभी राहिली. म्हणाली, बी तेच, गवत तेच, दोरी तीच, देव तोच. कुंपणाच्या या बाजूला हिरवं आहे आणि माझ्या बाजूला वाळलंय. मग फरक माझ्यात आहे. मग तिने सांगितलं की भावाच्या मयतीला तिने मपिराची दारू गाळली होती, रिवाजाप्रमाणे, आणि ती मंडळीपासून लपवली होती. "माझ्यामुळे माझ्या शेताला शाप लागला. माझ्या मुलींना माझ्यामुळे उपाशी राहावं लागतंय."

सगळे रडत होते. मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की वर्षभर तिला प्रभुभोजनाची भाकर नाही आणि गाणंही उचलायचं नाही. ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

आणि मी? मी गीतांचं पुस्तक उघडून बसले होते. ओल्या काठाने पाय गार पडले होते. एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. मूग गिळून बसले.

उपासनेनंतर मी तिला मिठी मारली आणि म्हणाले, धैर्याची आहेस तू.

१४ ऑक्टोबर, सोमवार

थँक्सगिव्हिंग, इथला सुगीचा सण, ऑक्टोबरातच असतो. काल मंडळीत हॉल सजवला होता. भोपळे, सफरचंदाच्या टोपल्या, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना मक्याची अख्खी ताटं बांधलेली. मध्ये आमचं पोस्टर. मी त्याच्याकडे पाठ करून कॉफी ओतत होते.

मिस्टर वीबे पोस्टरसमोर उभे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, केंब्रिजच्या बाहेर त्यांचं शेत, आयुष्यभर मका आणि सोयाबीन. फार बोलत नाहीत. हाताने मला जवळ बोलावलं.

"किती दिवस पाऊस नव्हता म्हणालीस?"

"पाच आठवडे."

त्यांनी चष्मा वर केला आणि नाक फोटोला लावलं. "गवत मीही ठेवतो शेतात. चांगली गोष्ट आहे. पण पाच आठवड्यांत मक्याचं पान कांद्याच्या पातीसारखं वळतं. हे बघ, एकही पान वळलेलं नाही. या मक्याला तहान माहीतच नाही."

मी म्हटलं, "देवाची कृपा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असेल," म्हणाले, आणि भोपळ्याच्या पायचा तुकडा घ्यायला गेले.

देवाचं नाव मी असं खोट्यासाठी वापरलं, तेही मंडळीत, तेही सणाच्या दिवशी. मी ताटातली टर्की तशीच टाकून घरी निघून आले. डोरीनला वाटलं टर्की बाधली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

प्रतापला सांगायचं ठरवलं. तो ड्राइव्हवेवर विंटर टायर बघत होता. ऑक्टोबरात कोणी विंटर टायर बघतं का?

"प्रताप, मला तुला एक सांगायचंय. तिकडच्या शेताबद्दल."

"हा डावीकडचा झिजलाय," तो म्हणाला.

"दुष्काळात आपलं शेत जे हिरवं राहिलं ना..."

"जयंती, नको." तो टायरपाशी बसलेलाच होता. "सत्तावीस तारीख होऊ दे. मग बोलू."

"पण बी जाईल ना मग! बारा गावांना!"

तो टायरच्या खाचांतली माती नखाने काढत राहिला. मग म्हणाला, "मला पुन्हा दारं बसवायला जायचं नाहीये." आणि उठून हात पुसत आत गेला.

बिचारा. मी काय सांगणार हे त्याला माहीत नाही, तरी त्याला इतकी भीती. मला त्याच्यावर रागावता येत नाही. त्याच्यासाठीच तर सुरू केलं होतं. का माझ्यासाठी? बेसमेंटमध्ये परत आलेल्या हरलेल्या बाईपेक्षा पोस्टरवरची बाई मला आवडत होती, हेही खरंच आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

ऊर्मीने फ्रिज साफ केला. भाकऱ्यांवर बुरशी आली होती. "कॅन आय थ्रो दीज?" मी म्हटलं टाक. मग धावत जाऊन कचऱ्याच्या डब्यातून काढल्या आणि धरून बसले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आईकडे पाहायचे, ती म्हातारी झाल्यावर.

"मॉम, जे काय आहे ना, जस्ट से इट," ती म्हणाली. "एव्हरीबडी इज सो टायर्ड."

एव्हरीबडी म्हणजे कोण, ते नाही सांगितलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

कागदावर वेगळीच साक्ष लिहिली होती, छान होती, शेवटी बायबलमधलं एक वचन होतं. पोडियमवर उभी राहिले. मागे पडद्यावर कुंपणाचा फोटो. प्रताप पहिल्या बाकावर लॅपटॉप घेऊन. मी म्हटलं, "हा मका गवतामुळे हिरवा नाही. मी दर रविवारी, लोक उपासनेत असताना, टाकीतून त्याला पाणी घालत होते. दोन वर्षं. पलीकडच्या शेतात आम्ही सांगितलेलं सगळं केलं होतं, फक्त पाणी नव्हतं. हे बी बारा गावांना पाठवू नका. त्यांना त्यांची ज्वारी पेरू द्या."

मी टाकी म्हटलं त्याच वेळी पडद्यावरचा फोटो बदलला. 'नकोत'मधला तो फोटो आला, संध्याकाळचं ऊन आणि मागे टाकी. प्रतापचं बोट चुकून दाबलं गेलं असणार, घाबरला असेल. त्याने तो बदललाही नाही.

मग कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. उभं राहून! डोरीन रडत पुढे आली. "थँक यू फॉर बीइंग सो व्हल्नरेबल." पाळकांनी प्रार्थना केली, दहा मिनिटांत मला क्षमा झाली, आणि मग कॉफी. एका बाईने मला कुकीज दिल्या. बी जाणार नाही असं कमिटीने लगेच ठरवलं. आम्हाला परत पाठवायचं का, ते नंतर ठरेल म्हणाले, आणि हे सांगताना डोरीनने प्रथमच माझा हात धरला नाही. मला ते बरं वाटलं.

पार्किंगमध्ये मिस्टर वीबे गाडीला टेकून उभे होते.

"मी आता मोकळी झाले असं सगळे म्हणतायत," मी म्हटलं.

"हं. आमच्यापैकी कोणाचं शेत नव्हतं वाळलं," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

एस्नार्टला निरोप पाठवला. तिच्या भाषेत माझे शब्द तोकडे पडतात, पण पाणी, टाकी, नळी, रविवार हे सगळे शब्द मला येतात. शेवटी म्हटलं, शाप नव्हता, पाप माझं होतं, मला क्षमा कर.

दोन दिवस उत्तर नाही. पाठवलंय मंगळवारी.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

उत्तर आलं. लहान आहे. मागे कोंबडी नाही, काही नाही.

"मी लोकांसमोर उभी राहिले होते. हे तू माझ्या कानात का सांगतेस? रविवारी उपासना संपताना फोन कर. मी फोन वर धरेन."

प्रतापला ऐकवलं. तो माझ्यापेक्षा चांगली भाषा समजतो. दोनदा ऐकलं त्याने. मग विचारलं, "किती वाजता?"

३ नोव्हेंबर, रविवार

आज इथे घड्याळं एक तास मागे गेली. त्यांची उपासना दुपारी एकला संपते म्हणजे इथे सकाळचे सहा. एक तास जास्तीचा मिळाला आणि तो मी पलंगाच्या कडेला बसून काढला.

प्रताप माझ्या आधी उठून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. मी म्हटलं, फोनच तर करायचाय. तो म्हणाला, "उपासना आहे ना."

फोन लागला. भाच्याचा आवाज, मग गजबज, बाकांचा आवाज, एक मूल रडत होतं. मग एस्नार्ट म्हणाली, "बोल, ऊर्मीच्या आई. सगळे आहेत."

मी उभी राहिले. त्यांना दिसणार नव्हतं, तरी. फोन टेबलावर होता, त्याच्यासमोर हात सोडून उभी राहिले आणि सांगितलं. टाकी. नळी. गवत बाजूला करून परत कसं ओढायचे ते. ती साक्ष देत होती त्या रविवारीसुद्धा, हे. शब्द चुकत होते, तरी थांबले नाही. म्हटलं, एस्नार्टच्या दारूमुळे काही वाळलं नाही. तिला पुढच्या बाकावर बसवा.

तिकडून इथल्यासारख्या टाळ्या आल्या नाहीत. मला वाटलं फोन तुटला.

मग एस्नार्टचा आवाज आला, अगदी जवळून. "त्या दिवशी तुझा काठ ओला होता. मी पाहिला. मला वाटलं, पाप्याला काहीही दिसतं."

मी फोनच्या आणखी जवळ सरकले.

"ऊर्मीच्या आई, एक सांग. त्या टाकीत माझ्या शेतापुरतं पाणी होतं का?"

होतं की नव्हतं हे मी कधी मोजलंच नव्हतं. त्या कुंपणापलीकडे नळी पोचते का, असा विचारच कधी डोक्यात आला नव्हता.

शेजारून प्रताप बोलला. तो कधी उठून उभा राहिला ते मला कळलंच नव्हतं. "होतं, एस्नार्ट. दोन्ही शेतांना पुरलं असतं. दर शनिवारी मीच भरून ठेवत होतो. तिच्यासाठी. नळीही मीच आणली होती."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, फोनकडे बघत होता. जिन्यावर ऊर्मी पायजम्यात उभी होती. तिला काहीच नवल वाटलेलं दिसलं नाही.

तिकडे आता बरेच आवाज एकदम यायला लागले होते. कोणीतरी मोठ्याने काहीतरी विचारत होतं, वडीलधाऱ्यांपैकी असावं. एस्नार्टने त्याला थांब म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "मग आता मी बहिणीकडे बी मागायला जाते. पाऊस दोन आठवड्यांवर आलाय. तिला सांगेन, मी पाप नव्हतं केलं. मी फक्त तुमचं ऐकलं होतं."

फोन बंद झाला. आम्ही दोघं अजून उभेच होतो.